माळ्यावरच्या कॅसेटींतलं दूरदर्शन: सांगली-साताऱ्यात हरवलेले कार्यक्रम कसे शोधायचे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी पुनःप्रक्षेपण सुरू झालं आणि साताऱ्याकडच्या ज्या मोजक्या घरांत टीव्ही होता, तिथल्या लोखंडी पाइपवरच्या अँटेना त्या दिशेला वळल्या. 'गजरा', 'किलबिल', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती आमची माणसं', दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचा 'चिमणराव' ही नावं आजही घराघरांत निघतात. पण त्या पहिल्या दशकातलं पुष्कळसं चित्रण आज बघायला मिळत नाही. बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, त्यांचं रेकॉर्डिंगच व्हायचं नाही. ज्यांचं झालं त्यांची टेप परदेशी आणि महागडी असल्यामुळे तीच पुसून पुन्हा वापरली जायची. त्या वेळी ते कुणाला वावगं वाटलं नसणार. जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायला बाजारपेठ नव्हती आणि घरात रेकॉर्डिंगचं यंत्र कुणाकडे नव्हतं.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. बीबीसीनं 'डॉक्टर हू' या १९६३ साली सुरू झालेल्या मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतल्या भागांच्या टेपा अशाच पुसल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म प्रतीही टाकून दिल्या. ९०हून अधिक भाग गेले. नंतर जे परत मिळाले ते कार्यालयाच्या कपाटात थोडेच मिळाले. २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्राच्या अडगळीत ९ हरवलेले भाग सापडल्याचं जाहीर झालं. त्याआधी २०११मध्ये दोन भाग एका निवृत्त टीव्ही इंजिनिअरकडे निघाले. त्यानं ते कधीकाळी शाळेच्या जत्रेत विकत घेतले होते आणि ते जगात दुसरीकडे कुठंच नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं.

ज्याच्याकडे वस्तू आहे त्यालाच ती काय आहे हे माहीत नसतं. या कामातली सगळी मेहनत याच एका गोष्टीभोवती फिरते. म्हणून "तुमच्याकडे जुने कार्यक्रम आहेत का?" असं विचारून काही हाती लागत नाही. लागतं ते "तुमच्या लग्नाची कॅसेट आहे का?" असं विचारून. का ते पुढे सांगतो.

आधी काळाचं गणित समजून घ्या

घरोघरी व्हीसीआर आले ते १९८२च्या दिल्ली एशियाडनंतर. रंगीत प्रक्षेपणही त्याच वर्षीचं. १९८४च्या सुमाराला देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली आणि आपल्या भागातल्या लहान गावांत टीव्ही पोचला. म्हणजे १९७५चा 'गजरा' कुणी घरी व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटीवर उतरवून ठेवला असेल ही आशा जवळजवळ सोडून द्या. त्या दशकातलं सापडलं तर तीन वाटांनी सापडेल. नंतर झालेलं पुनःप्रक्षेपण कुणी टिपलेलं असेल. १६ मिलिमीटरची फिल्म असेल, कारण बातम्यांचं आणि बाहेरचं चित्रण तेव्हा फिल्मवर व्हायचं. किंवा नुसता आवाज असेल.

आवाजाला कमी लेखू नका. 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, तो टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून बसलेल्या चाहत्यांमुळे. आपल्याकडेही नाट्यगीतांच्या, कीर्तनाच्या, मुलाखतीच्या वेळी टीव्हीच्या स्पीकरला माइक लावून घरातल्यांना "गप्प बसा" म्हणणारे काका होते. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या मिरजेत तर असे लोक जास्तच. त्यामुळे ऑडिओ कॅसेटींच्या पेट्याही तपासायच्या. त्यात मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर ते रेकॉर्डिंग घरचं आहे हे पक्कं.

१९८२ ते साधारण १९९५ हा मात्र घरगुती टेपचा खरा सुकाळ. प्रादेशिक मालिका, नाटकांची चित्रणं, शेतीचे कार्यक्रम, शाळांसाठीचे पाठ असं पुष्कळ या काळातलंही आज सहज मिळत नाही आणि ते घरांत असण्याची शक्यता चांगली आहे. नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी.

कुणाचं दार वाजवायचं

पहिली यादी करायची ती टीव्हीवर गेलेल्या माणसांची. ज्याच्या घरातलं कुणी टीव्हीवर दिसणार होतं, त्यानं त्या दिवशी कुठूनतरी व्हीसीआर मिळवलाच असणार. तासगाव-पलूसकडचे द्राक्ष बागायतदार, शेतीच्या कार्यक्रमात बोललेले हळदीचे, उसाचे शेतकरी. मिरजेतले तंतुवाद्य कारागीर. हौशी नाट्यसंस्थांचे कलाकार, लेझीम पथकं, शाहीर, गोंधळी, कीर्तनकार. बालचित्रवाणीच्या शैक्षणिक कार्यक्रमांत काम केलेले शिक्षक आणि तेव्हाची मुलं. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंद पडली, तेव्हा तिच्या कार्यक्रमांच्या घरच्या प्रतींनाही आता मोल आहे. साखर कारखाने, दूध संघ आणि जुन्या शिक्षण संस्थांत स्टोअरकीपरला भेटा. वरच्या साहेबांना काही माहीत नसतं. कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते स्टोअरकीपरच सांगतो.

दुसरी यादी धंदेवाल्यांची: ऐंशीच्या दशकात टीव्ही-व्हीसीआर रात्रीपुरता भाड्यानं देणारे, व्हिडिओ लायब्ररीवाले, पहिल्या पिढीचे केबलवाले, लग्नाचं शूटिंग करणारे फोटो स्टुडिओ. केबलवाल्यांनी चांगले कार्यक्रम टिपून पुन्हा दाखवले असतील. फोटो स्टुडिओवाल्यांपैकी कुणी दूरदर्शनसाठी जिल्ह्यातल्या बातम्यांचं चित्रण करत होतं का, हे मुद्दाम विचारा. फिल्मचे डबे निघाले तर अशाच घरी निघतील.

तिसरी यादी खास आपल्या जिल्ह्याची आहे. खानापूर, आटपाडी, विटा भागातली गलाई व्यावसायिकांची कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेली आहेत. दक्षिणेत किंवा बंगालमध्ये राहणाऱ्या माणसाला मराठी कार्यक्रम बघायला मिळत नव्हते. गावाकडून रेकॉर्डिंग करून मागवायची सोय आणि ऐपत दोन्ही त्यांच्याकडे होतं. गावातला बंगला वर्षातून एकदा यात्रेला उघडतो आणि त्यातलं सामान तसंच राहतं. यात्रेच्या तारखा लिहून ठेवा आणि त्या वेळी जा. सगळं घर एकत्र सापडतं.

कुठल्या तालुक्यातून सुरुवात करायची? ज्या तालुक्यात पाऊस कमी. टेपचा सगळ्यात मोठा वैरी ओल. जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या घरांत बुरशी लागलेल्या कॅसेटी निघण्याची शक्यता जास्त. माण, खटाव, जत, आटपाडीतल्या कोरड्या हवेत त्याच कंपनीची कॅसेट ठणठणीत राहते. सांगलीत गावभाग, मारुती चौक, हरभट रोड या पट्ट्यात तर ऑगस्ट २०१९च्या महापुरानं तळमजल्यावरचं सगळं नेलं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर काय राहिलं एवढंच विचारायचं, आणि जपून विचारायचं. लोकांचे लग्नाचे फोटोसुद्धा गेलेत त्यात.

वेळेचं एक भान ठेवा. आपल्याकडे घटस्थापनेआधी घराघरांत दसरा काढतात. अंथरुणं, भांडी, माळे सगळं बाहेर येतं आणि नको असलेलं भंगारात जातं. कॅसेटींची मोठी गळती त्याच आठवड्यात होते. भाद्रपदात ओळखीच्या भंगारवाल्याला सांगून ठेवा की काळ्या कॅसेटी आल्या तर फोडू नका, किलोच्या भावानं मी घेतो. त्याला दोन पैसे जास्त मिळाले तर तो स्वतः फोन करतो. पैसे द्यायला मी फक्त इथंच सांगेन. घरमालकाला कॅसेटीचे पैसे देऊ करू नका. एकदा किंमत लागली की शेजारची घरं बंद होतात आणि ज्याला आठवण म्हणून जपायचं होतं तोही विकायला बसतो.

दारात काय बोलायचं

एकटे जाऊ नका. ओळखीचा माणूस बरोबर असावा, आणि शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्या बाईंशी बोला. माळ्यावर काय आहे ते पुरुषांना क्वचितच माहीत असतं. बोलणं साधारण असं होतं:

"काकी, जुन्या व्हिडिओ कॅसेटी असतील का हो घरात?"

"कसल्या कॅसेटी? त्या कवाच टाकल्या असतील. आमच्या थोरल्याच्या लग्नाची तेवढी हाय. पर ती बघायला मशीन कुठं हाय आता?"

"तीच द्या बघू. लग्न मी तुम्हाला पेनड्राइव्हवर भरून देतो, टीव्हीला लावून बघता येईल."

"खरंच दिसंल? त्यात आमच्या सासूबाई हायत बघा. त्यांचा दुसरा फोटोसुदिक न्हाई."

आता काकी स्वतः शिडी मागवतात. लग्नाच्या कॅसेटीबरोबर आणखी चार खाली येतात, ज्यांची आठवण कुणालाच नव्हती. दिलेला शब्द मात्र पाळायचा. लग्न आधी द्यायचं, नीट द्यायचं, आणि त्या कुटुंबाचं चित्रण बाहेर कुणालाही दाखवायचं नाही. सासूबाईंचा चेहरा हा त्या घराचा ठेवा आहे. आपल्या कामाचं ते साधन नव्हे.

खरा संग्राहक वेगळा असतो. त्याला सगळं माहीत असतं आणि बहुतेकदा तो काही दाखवत नाही. त्याला भीती असते की सरकार येऊन जप्त करील, किंवा प्रत बाहेर गेली की आपल्या वस्तूला मोल राहणार नाही. अशा माणसाकडे घाई चालत नाही. त्याच्या आवडीचं आपण नेलेलं त्याला द्या, त्याचं मशीन दुरुस्त करून द्या, त्याच्या घरीच बसून प्रत काढा, हवं तर नाव गुप्त ठेवा. अमेरिकेत मॅरियन स्टोक्स या बाईंनी सत्तरच्या दशकापासून २०१२मध्ये त्या वारल्या तोवर घरी टीव्ही रेकॉर्ड केला, ७० हजारांच्या आसपास टेपा भरल्या. हयातीत त्यांना विक्षिप्तच समजलं गेलं. आपल्या गावातल्या अशा माणसाला मान देऊन भेटा. "अण्णा, तुम्ही हे जपलंत म्हणून राहिलं" हे वाक्य खरं आहे आणि ते त्यांना आजवर कुणी म्हटलेलं नसतं.

कॅसेट हातात आल्यावर

मशीनमध्ये घालायची नाही. आधी बघायची.

कॅसेट उजेडात धरा आणि खिडकीतून टेपचं वेटोळं तिरकं बघा. वरची कड गुळगुळीत, एकसारखी काळी-तपकिरी दिसली तर ठीक. पांढरे ठिपके किंवा भुकटीसारखा थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट लगेच झिप पिशवीत वेगळी ठेवा. ती एकदा मशीनमध्ये गेली की टेप वाचणाऱ्या भागाला, म्हणजे हेडला, बुरशी लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला ती वाटत जाते. बुरशीच्या कॅसेटी हाताळताना चांगला मास्क लावा, एन-९५ असला तर उत्तम, आणि घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर ते काम अंगणात करा.

मग पाठच्या कडेवरचा छोटा प्लास्टिकचा टॅब बघा. तो शाबूत असेल तर आधी मोडून टाका. टॅब मोडला की त्या कॅसेटीवर नवीन रेकॉर्डिंग होत नाही. चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी टेप वाचते.

लेबलाचा फोटो काढा, पाठीचा आणि तोंडाचा. त्यावरचं सगळं जसंच्या तसं वहीत उतरवा, खोडलेलं नावसुद्धा. 'दादाचे लग्न' याच्या खाली पेन्सिलीनं पुसट 'नाटक अर्धे' लिहिलेलं असेल तर तुम्हाला हवं ते कदाचित तेच. प्रत्येक कॅसेटीला क्रमांक द्या. तालुक्याचं नाव आणि आकडा पुरतो: मिरज-१, मिरज-२. क्रमांक डब्यावर लिहून भागत नाही, कॅसेटीवरही लिहा. डबे हमखास बदलतात.

कवच फुटलेलं असेल, आतली स्प्रिंग तुटली असेल किंवा टेप पुराच्या पाण्यात भिजून वाळलेली असेल तर कवच बदलावं लागतं. हे घरी करता येतं. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. कॅसेट उपडी ठेवून ते काढा, मग दोन्ही भाग घट्ट धरून सुलटी करा आणि वरचं झाकण सावकाश उचला. आत दोन रिळं, कोपऱ्यांत छोटे रोलर आणि मध्ये ब्रेकची खिट्टी दिसेल. टेप कुठून कुठं गेली आहे त्याचा लगेच फोटो घ्या. मग एखाद्या टाकाऊ, पण चांगल्या कवचाच्या कॅसेटीत दोन्ही रिळं तशीच बसवा. टेपच्या काळ्या बाजूला बोट लावायचं नाही. सुती हातमोजे वापरा. टेप तुटलेली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पसरतो आणि हेडवर बसतो. व्हिडिओ टेपसाठीची खास जोडपट्टी मिळते, तीच वापरा. पुरातल्या कॅसेटीत गाळ अडकलेला दिसला तर ती स्वतः चालवायचा मोह आवरा आणि जाणकाराकडे द्या.

फिल्मचा डबा मिळाला तर झाकण उघडून आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्मचा पाया कुजायला लागला आहे. ती थंड, हवेशीर जागी, बाकीच्या फिल्मपासून लांब ठेवा. प्रोजेक्टरवर लावू नका. आकसलेली फिल्म दातांत अडकून फाटते. फिल्मचं काम घरी होत नाही. ते स्कॅनर असलेल्या संस्थेकडेच द्यायचं.

मशीन आणि प्रत

नवीन व्हीसीआर मिळत नाही. जगातल्या शेवटच्या उत्पादकानं, जपानच्या फुनाई कंपनीनं, जुलै २०१६मध्ये उत्पादन बंद केलं. त्यामुळे जुनं, चालू स्थितीतलं घ्यायचं आणि गावातल्या जुन्या टीव्ही मेकॅनिककडून रबरी पट्टे, पिंच रोलर तपासून घ्यायचे. असा मेकॅनिक अजून काम करतो आहे तोवर त्याच्याकडून हेड पुसायला शिकून घ्या. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ शॅमी चामडं लागतं. फिरणाऱ्या हेडवर कापसाच्या काड्या कधीच वापरायच्या नाहीत, तंतू अडकून हेड तुटतं. चामडं ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, टेकवून धरायचं आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून सावकाश फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही.

मूळ कॅसेट घालण्याआधी रोज एक बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून बघा. मशीन टेप चघळतं की नाही ते तिच्यावर कळू द्या.

व्हीसीआरमधून संगणकात न्यायला यूएसबीचं कॅप्चर यंत्र लागतं. मध्ये टाइम बेस करेक्टर असेल तर हलणाऱ्या, वाकणाऱ्या चित्राला स्थैर्य येतं. मशीनला एस-व्हिडिओ आउटपुट असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ते वापरा. आपलं प्रक्षेपण पाल पद्धतीचं, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चौकटी, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये पाल आणि ७२० बाय ५७६ निवडा. अमेरिकेतून आलेल्या कॅसेटी एनटीएससी, म्हणजे तिथल्या वेगळ्या पद्धतीच्या, असतात. चित्र गडगडत वर सरकत असेल तर आधी ही शंका घ्या.

जतन करायची प्रत दाबून लहान करू नका. एफएफव्ही१ किंवा हफवाययूव्हीसारखं काहीही न गमावणारं स्वरूप घ्या. तासाला २५-३५ जीबी जागा जाते. जाऊ दे. चित्राच्या रेषा एकत्र करणं, रंग सुधारणं, खरखर काढणं हे सगळं नंतरच्या, वेगळ्या प्रतीवर. दहा वर्षांनी यापेक्षा चांगली साधनं येतील आणि त्यांना कच्चा माल लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेवटपर्यंत हात लावू नका. पुढे पळवून "काय आहे ते बघू" असं करायचं नाही. जीर्ण टेपची पहिली फेरीच सर्वांत चांगली असते, कधी कधी एकमेव. लग्न संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या, तरी थांबू नका. टेपवरचा सिग्नल मिळेनासा झाला की निळा पडदा दाखवण्याची सोय मशीनमध्ये असेल तर ती बंद करा, म्हणजे मुंग्यांमागचं अंधूक चित्रही टिपलं जाईल.

कारण असं. ई-१८० कॅसेट तीन तासांची. शूटिंगवाल्यानं लग्न भरलं सव्वा तासाचं. पुष्कळदा कोरी कॅसेट घेतलेलीच नसायची, घरातली जुनी त्याच्या हातात दिलेली असायची. 'सप्तपदी' लिहिलेल्या पाटीवर वधू-वर उभे आहेत, सनई वाजते आहे, आणि मध्येच चित्र तुटून काही क्षण नुसत्या मुंग्या येतात. साध्या मशीनमध्ये फिरतं पुसणारं हेड नसल्यामुळे नवं रेकॉर्डिंग संपतं त्या सांध्यावर थोडी टेप कोरी पुसली जातेच. मुंग्या दिसल्या की सावरून बसा. त्या विरतात आणि त्यामागून एखाद्या कार्यक्रमाचं मधलंच वाक्य सुरू होतं. सांध्याची वेळ वहीत मिनिट-सेकंदासकट लिहा. हरवलेला कार्यक्रम बहुतेकदा असाच सापडतो, लग्नाच्या मागे, विनालेबलाचा, सुरुवात नसलेला.

ओळख पटवणं

सुरुवात नसली म्हणजे नाव नाही, तारीख नाही. मग आजूबाजूचं बघायचं. जाहिराती सगळ्यात उपयोगी, म्हणून त्या कधीच कापू नका. निवेदिकेनं सांगितलेले उद्याचे कार्यक्रम लिहून घ्या. रविवार सकाळच्या 'रामायण'चा उल्लेख आला तर टेप जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळातली असण्याची शक्यता मोठी. १९८३च्या विश्वचषकाची चर्चा, ऑक्टोबर १९८४ अखेरीच्या इंदिरा गांधींच्या हत्येनंतरचा दुखवटा, निवडणुकीचे निकाल, धरणाच्या पाणीपातळीची बातमी, सगळं खुंटीसारखं उपयोगी पडतं.

अंदाज बांधला की वाचनालयात जा. त्या काळातली दैनिकं टीव्हीचे कार्यक्रम रोज छापायची. 'सकाळ', 'केसरी', 'पुढारी'च्या जुन्या फायली साताऱ्याच्या, सांगलीच्या जुन्या वाचनालयांत विचारा, नाहीतर कोल्हापूर-पुणे गाठा. तारीख, वार आणि वेळ तिन्ही जुळली तरच ती पक्की म्हणायची. दोनच जुळत असतील तर वहीत 'अंदाजे' असं लिहा. पुढच्या संशोधकाला तुमचा अंदाज खात्री म्हणून मिळाला तर तो चुकीच्या वाटेला लागतो.

चेहऱ्यांसाठी माणसं लागतात. जुनी नाटकवाली मंडळी, आकाशवाणी सांगली केंद्राचे निवृत्त कर्मचारी, कीर्तन मंडळांतले ज्येष्ठ यांना छोटे तुकडे दाखवा. आवाज ओळखण्यात ही माणसं विलक्षण तरबेज असतात. पडदा झाकून नुसता आवाज ऐकवला तर अनेकदा जास्त लवकर ओळखतात. घाई करा, कारण ही पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. टेपपेक्षा त्यांची आठवण आधी जाणार आहे.

सापडलेलं दुर्मीळ आहे की नाही हे ठरवण्याआधी प्रसार भारतीच्या संग्रहाचं आणि सह्याद्री वाहिनीचं यूट्यूबवर काय उपलब्ध आहे ते नीट शोधा. भाग तिथं असला तरी तुमची प्रत टाकून देऊ नका. त्यांच्याकडच्या प्रतीत कापलेला भाग तुमच्याकडे असू शकतो.

पुढे कुणाला द्यायचं

यूट्यूबवर टाकायचं नाही, निदान लगेच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रित कार्यक्रमावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९७२चा कार्यक्रमसुद्धा २०३२ संपेपर्यंत संरक्षित आहे. दूरदर्शननं स्वतः केलेल्या कार्यक्रमांचे हक्क प्रसार भारतीकडे, प्रायोजित मालिकांचे पुष्कळदा निर्मात्यांकडे. त्यामुळे पहिलं पत्र मुंबई दूरदर्शनला: काय सापडलं, किती मिनिटांचं, कुठल्या अवस्थेत, सोबत दोन-तीन स्थिर चित्रं. फिल्म असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली स्थापन झालेलं आणि आता एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, भाग असलेलं. मुंबईतली फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्थाही फिल्म जतनाचंच काम करते. कार्यक्रमातल्या कलाकाराच्या घरच्यांनाही कळवा. तो त्यांचा माणूस आहे.

उत्तर यायला वेळ लागतो, कधी खूप लागतो. तोवर फाइलच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावात. सांगलीची प्रत विट्याला किंवा कराडला पाठवा, नदीकाठच्या दोन घरांत दोन प्रती ठेवून काही साधत नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जरा जरी बिघडली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, काढून वहीत नोंदवा आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, पडताळून बघा. मूळ कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, उभी, कोरड्या कपाटात, शक्यतो मालकाच्याच घरी. तिच्यावर तुमचा क्रमांक आणि फोन लिहिलेली चिठ्ठी लावा आणि काकींना, त्यांच्या सुनेला, दोघींना सांगून ठेवा की दसरा काढताना ही टाकायची नाही.